अंटार्क्टिकातली एक रात्र, देवनारमधून वाचताना

परवा एका ज्युनिअरने सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला पाठवला. विषय पर्यटनाचा. दुसऱ्याच पानावर एक वाक्य होतं: अंटार्क्टिकासारख्या निर्मनुष्य, अस्पर्शित प्रदेशात आलिशान तंबूत राहण्याचा अनुभव पर्यटकाला अंतर्मुख करतो. त्याच्यापुढे कंसात तीन संदर्भ. तिन्ही प्रवास-मासिकांतले लेख. मी बाजूला लिहिलं, ‘हे कुणी सांगितलं?’ त्याचं उत्तर आलं, ‘ताई, तिन्ही लेखांत तसंच लिहिलंय.’

लिहिलेलं असतं, हे खरंय. मीही मग आठवडाभर असे लेख शोधून शोधून वाचले. स्वतःचं चॅप्टर बाजूला ठेवून दुसऱ्याच विषयात घुसायला मला कारणच लागत नाही, हे माझ्या गाइडना विचारा. पण त्या वाचनातून जे हाती लागलं ते तुमच्यापैकी जे प्रपोजल लिहिताहेत त्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून इथे मांडते. त्या एका वाक्यात तीन विशेषणं आहेत: निर्मनुष्य, अस्पर्शित, अंतर्मुख. तिन्ही तपासून बघू.

आधी या लेखांचा साचा. तो एकदा ओळखीचा झाला की पुढचा लेख तुम्ही न जाता लिहू शकाल. सुरुवात केपटाउनला होते. तिथून पाचेक तासांचं विमान. विमानातच एकावर एक कपड्यांचे थर चढवायचे. मग निळ्या बर्फाची धावपट्टी, दार उघडताच डोळे दिपवणारा उजेड, आणि आपण दुसऱ्याच ग्रहावर उतरलोय असं एक वाक्य. पुढे गोठलेल्या तळ्याच्या काठी गोल घुमट. आत ऊब, नीट अंथरलेला पलंग, लोकरी पांघरुणं, पुस्तकं. शेफ आहे, वाइन आहे. मधल्या दिवसांत बर्फातल्या गुहा, दोर लावून चढाई, आणखी एक विमान घेऊन एम्परर पेंग्विनांचं दर्शन. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा, तेव्हा बहुतेक काळ सूर्य मावळतच नाही, त्यामुळे ‘रात्रीचा मुक्काम’ म्हणण्यात रात्र नावापुरतीच. ‘तंबू’ हा शब्दही तसाच. कितीतरी ठिकाणी ते फायबरग्लासचे पक्के घुमट असतात. तंबू म्हटलं की जुन्या मोहिमांची आठवण येते, थोडं कष्टाचं वाटतं. ते कष्ट शब्दापुरते घेतलेले असतात. आणि शेवटी शांतता. शांततेत लेखकाला आपण किती क्षुद्र आहोत हे कळतं, आणि लेख संपतो.

वाईट लिहिलेले नसतात हे लेख. काही तर फार सुंदर असतात, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं मत्सराने लिहिलंय असं वाटेल. (थोडा मत्सर आहेच. एका माणसाच्या एका सहलीला जेवढे डॉलर लागतात त्यात आमच्या होस्टेलच्या एका मजल्याची फेलोशिप निघेल.)

आता पहिला शब्द, निर्मनुष्य.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला कॅम्प म्हणजे व्हाइट डेझर्ट या कंपनीचा व्हिचअवे. कंपनी २००५ ची. कॅम्प पूर्व अंटार्क्टिकात, क्वीन मॉड लँड नावाच्या भागात, शिरमाखर ओॲसिसमध्ये आहे. वाळवंटातल्या ओॲसिसमध्ये पाणी असतं; इथल्या ओॲसिसमध्ये उघडा खडक असतो. सगळीकडे बर्फ, आणि मध्येच एक अरुंद, खडकाळ पट्टा, त्यात शंभरावर लहानमोठी तळी. क्षेत्रफळ साधारण ३५ चौरस किलोमीटर. आपल्या अंदाजासाठी सांगते: मुंबई महापालिकेचा एम-पूर्व वॉर्ड, म्हणजे देवनार, गोवंडी, मानखुर्द, चेंबूरचा काही भाग, हा जवळपास तेवढाच आहे. इथे २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर माणसं मोजली गेली.

तिथे आठ लाख नाहीत हे उघड आहे. पण निर्मनुष्य? भारताचं ‘मैत्री’ केंद्र कुठे आहे ते नकाशात काढून बघा. शिरमाखर ओॲसिस. १९८९ पासून तिथे आहे. हिवाळ्यात साधारण पंचवीस माणसं राहतात, उन्हाळ्यात त्याहून बरीच जास्त. शेजारच्या तळ्याला आपल्या लोकांनी प्रियदर्शिनी नाव दिलं, केंद्राचं पाणी तिथून येतं. मैत्रीपासून चारेक किलोमीटरवर रशियाचं नोवोलाझारेव्स्काया, ते १९६१ चं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथल्या एकुलत्या एक डॉक्टरांनी, लिओनिद रोगोझोव्ह यांनी, स्वतःचंच अपेंडिक्स स्वतः कापून काढलं, कारण दुसरा डॉक्टर नव्हता आणि वादळात विमान येणं शक्य नव्हतं. याच पट्ट्यात १९७६ मध्ये पूर्व जर्मनीने आपलं केंद्र उघडलं. १९८५ मध्ये तिथून सोडलेल्या फुग्यांनी ओझोनचं छिद्र नेमकं किती उंचीवर आहे याची मोजमापं दिली. पुढे ते केंद्र मोडून, सामान उचलून नेण्यात आलं.

आपल्या बाजूची गोष्ट तर मराठी वाचकाला अजून जवळची. पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली, आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली. आज सगळा कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन बाया होत्या, भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकात गेलेल्या पहिल्या स्त्रिया. एक समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत, जन्म नागपूरचा, शिक्षण पुणे विद्यापीठातलं. दुसऱ्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, ज्यांनी याच शिरमाखरच्या टेकड्यांचा अभ्यास केला आणि नंतर बंगालीत त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे ज्या खडकावर बसून आजचा पाहुणा ‘इथे माझ्याआधी कुणी आलं नसेल’ असं म्हणतो, त्या खडकाच्या थरांची नोंद कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी वहीत केलेली असू शकते.

मासिकाच्या लेखात हे सगळं आलंच तर एका ओळीत येतं: जवळच काही संशोधन केंद्रं आहेत. मला त्या ओळीत रस आहे. ‘जवळच’ या शब्दावर लेखकाला तिथे नेणारी सगळी व्यवस्था उभी आहे. क्वीन मॉड लँडचं हवाई जाळं २००२ च्या सुमारास अकरा देशांच्या ध्रुवीय संस्थांनी मिळून उभारलं, त्यात भारतही आहे. नोवोजवळच्या बर्फाच्या धावपट्टीवर शास्त्रज्ञही उतरतात आणि पर्यटकही उतरत आलेत. व्हाइट डेझर्टने पुढे वुल्फ्स फँग नावाची स्वतःची धावपट्टी केली. तिथे नोव्हेंबर २०२१ मध्ये एअरबस ए-३४० एवढं मोठं विमान उतरलं. निर्मनुष्य जागी जायला किती माणसं लागतात, याचा हिशेब कुणी मांडला तर तो एक उत्तम शोधनिबंध होईल.

इथे तुमच्यातले काही लगेच विल्यम क्रोनन काढतील. मला माहितीय, कारण मीही काढला होता. १९९५ च्या त्याच्या निबंधात तो म्हणतो की रान, अस्पर्शित निसर्ग ही कल्पनाच माणसाने घडवलेली आहे, आणि ती घडवताना तिथे आधीपासून राहणाऱ्यांना पुसून टाकलेलं असतं. वाचायलाच हवा असा निबंध आहे. पण त्याची उदाहरणं अमेरिकेतली आहेत, जिथे मूळ रहिवाशांना हुसकून राष्ट्रीय उद्यानं झाली. अंटार्क्टिकात मूळ रहिवासी कधीच नव्हते. तिथे विस्थापन झालं नाही. म्हणून क्रोनन उचलला आणि चिकटवला असं चालणार नाही. इथे जे पुसलं जातं ते वेगळं आहे: मेकॅनिक, स्वयंपाकी, रेडिओवाला, डिझेलचे पिंप ढकलणारा. रहिवाशाच्या जागी कामगार घातला की क्रोननचा मुद्दा नव्याने उभा राहतो, पण तो तुम्हाला स्वतः उभा करावा लागेल. सिद्धांत दुकानातून आणलेल्या तयार शर्टासारखा घालता येत नाही, बाह्या कापाव्या लागतात. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये परीक्षक नेमकं हेच बघतात.

क्रोनन बिनशिलाईचा बसेल अशी जागा हवी असेल तर लोणावळ्याच्या पलीकडे जा. पवना तळ्याकाठचे तंबू तुमच्यापैकी निम्म्यांनी बघितले असतील: शुक्रवारी रात्री निघायचं, बार्बेक्यू, स्पीकर, सकाळी धुक्यात फोटो. ‘निसर्गाच्या कुशीत’ असं जाहिरातीत असतं. ते तळं म्हणजे धरणाचं पाणी आहे, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही पुरता सुटलेला नाही. तंबू ज्या रिकाम्या काठावर लागतात तो रिकामा कसा झाला, हे विचारायला केपटाउनचं तिकीट लागत नाही. मुंबईहून एसटीने जाता येतं.

दुसरा शब्द, अस्पर्शित. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मी देवनारला राहते.

हे सगळे कॅम्प सांगतात, आणि खरंच सांगतात, की ते मागे काही ठेवत नाहीत. अंटार्क्टिका कराराचा पर्यावरणविषयक प्रोटोकॉल १९९१ मध्ये माद्रिदला झाला, १९९८ मध्ये लागू झाला. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कचऱ्याचे नियम आहेत. व्हिचअवेसारख्या कॅम्पमधून कचरा, मानवी मैलासुद्धा, विमानाने खंडाबाहेर नेला जातो. लेखांत हे कौतुकाने येतं, एखाद्या वाक्यात, बहुधा थोडा विनोद करून. आणि वाक्य तिथेच संपतं: बाहेर नेला जातो.

कुठे?

हा प्रश्न सुचायला देवनारच्या माणसाला पीएचडी लागत नाही. इथलं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं आहे. मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभं राहून बघितलं तर कचरा ‘गेला’. इथून बघितलं तर कचरा ‘आला’. क्रियापद एकाच ट्रकचं आहे. जानेवारी २०१६ मध्ये इथला डोंगर पेटला तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला, आणि तेव्हा कुठे बाकी शहराला कळलं की ‘गेला’ म्हणजे कुठे तरी असतो. म्हणून जेव्हा कुठल्याही मजकुरात ‘काही मागे उरत नाही’ असं वाचाल, तेव्हा वाक्य अर्धवट आहे असं धरा. त्याचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्या शहरात आहे. अंटार्क्टिकाचा तो बहुधा केपटाउनमध्ये आहे, आणि केपटाउन हे काही निर्मनुष्य नाही. तिथून पुढे कुठली गाडी, कुठली जागा, कुणाचे हात, हे शोधून काढणं हा संशोधनप्रश्न झाला. ‘लक्झरी पर्यटनाचा पर्यावरणावरील परिणाम’ हा फक्त मथळा झाला.

पण थांबा. इथे आपण शास्त्राच्या बाजूचे म्हणून फार ताठ मानेने बसायचं कारण नाही. भारताचं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये तरत्या हिमपट्टीवर बांधलं होतं. काही वर्षांतच ते बर्फात गाडलं जाऊ लागलं आणि सोडून द्यावं लागलं. त्या काळी तो प्रोटोकॉलही नव्हता. म्हणून स्पर्श कुणाचा, हा प्रश्न विचारताना स्वतःच्या हातमोज्याकडेही बघायचं.

याच संदर्भात एक आकडा तुम्हाला वारंवार भेटेल आणि त्यापासून मी तुम्हाला सावध करणार आहे. तो म्हणजे ८३ टन. एका पर्यटकामागे अंटार्क्टिकातलं ८३ टन बर्फ वितळतं, असं वर्तमानपत्रांत येऊन गेलंय. आमच्या ज्युनिअरच्या मसुद्यातही हा आकडा कॅम्पच्या परिच्छेदात ठेवलेला होता. मूळ अभ्यास राउल कोर्देरो आणि सहकाऱ्यांचा, फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ मध्ये आलेला. त्यांनी २८ ठिकाणच्या बर्फातली काजळी मोजली. काजळी पडली की बर्फ काळवंडतं, ऊन जास्त शोषतं, लवकर वितळतं. हे काम चांगलं आहे. पण ते प्रामुख्याने अंटार्क्टिक द्वीपकल्पाचं आहे, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या बाजूचं, जिथे उशुआयाहून बोटी भरभरून येतात. ८३ टन हा जहाजातून येणाऱ्या पर्यटकाच्या हिशेबातला आकडा आहे. शिरमाखर खंडाच्या दुसऱ्या बाजूला आहे, तिथले पाहुणे विमानाने येतात. विमानाचा हिशेब वेगळा, कदाचित माणशी जास्तच भरेल. पण तो या पेपरातून निघत नाही. शिवाय त्याच पेपरात हेही आहे की माणशी काढलं तर संशोधकांची काजळी पर्यटकांपेक्षा जास्त पडते, कारण केंद्रं चालवायला जनरेटर, गाड्या, विमानं लागतात. हे वाक्य उद्धृत करणारा मला अजून भेटायचाय.

असंच दुसरं: ‘२०२२-२३ च्या हंगामात एक लाखाहून जास्त पर्यटक अंटार्क्टिकात गेले’. बरोबर आहे. पण त्यातले बहुतेक सगळे बोटीवर झोपतात. खंडाच्या आत, जमिनीवरच्या कॅम्पमध्ये मुक्काम करणारे त्यात अगदी किरकोळ. प्रपोजलच्या पहिल्या परिच्छेदात मोठा आकडा टाकून दुसऱ्या परिच्छेदात छोट्या गोष्टीवर यायचं, ही आपल्या सगळ्यांची सवय आहे. मुलाखतीत समोरचा माणूस एवढंच विचारतो, ‘या लाखातले तुमचे किती?’ आणि घाम फुटतो. माझा फुटला होता, विषय वेगळा होता एवढंच.

आता तिसरा शब्द, अंतर्मुख. इथे मला ज्युनिअरशी खरं भांडायचंय.

‘अनुभव पर्यटकाला अंतर्मुख करतो’ हे वाक्य दिसायला निष्कर्ष आहे, पण पुरावा काय? लेखकाने तसं लिहिलं, हा. लेखक तिथे कसा पोचला? अशा लेखांच्या तळाशी बारीक अक्षरात कधीकधी असतं की लेखक अमुक कंपनीचे पाहुणे होते. नसतं तेव्हाही विचारायला हरकत नाही. याचा अर्थ लेखक खोटं बोलतो असा नाही. ज्याने स्वतःचे पैसे मोजले त्यालाही इतकं मोजून आल्यावर काही झालं नाही असं म्हणणं अवघड जातं. पण मुद्दा याच्याही पलीकडचा आहे. डीन मॅककॅनेलने १९७० च्या दशकातच दाखवलं की पर्यटकाला ‘खरं’ काहीतरी हवं असतं, आणि पर्यटनाची व्यवस्था ते ‘खरं’ मांडून ठेवते, नाटकाच्या नेपथ्यासारखं. शांतता हीसुद्धा मांडलेली असते. जनरेटर घुमटापासून किती लांब ठेवायचा, विमान कधी उतरवायचं, पाहुणे किती घ्यायचे, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. त्या ठरवण्यातून आलेली शांतता खोटी नाही. पण तिला निसर्गाची देणगी म्हणून लिहिणं आणि सेवेचा भाग म्हणून लिहिणं यात फरक आहे.

म्हणून हे लेख टाकून द्या असं मी म्हणत नाहीये. उलट, ते फार चांगलं साहित्य आहे, फक्त कशाचं साहित्य आहे ते ठरवा. अंटार्क्टिकाबद्दलचा पुरावा म्हणून ते कच्चे आहेत. श्रीमंत माणसाला कुठल्या भाषेत नम्र व्हायला आवडतं, याचा पुरावा म्हणून पक्के आहेत. तीस लेख घ्या, प्रत्येकात ‘शांतता’, ‘क्षुद्र’, ‘स्वच्छ’, ‘शेवटचा’ हे शब्द कुठे येतात ते बघा, नोकरवर्गाचा उल्लेख कर्त्याच्या जागी किती वेळा येतो आणि कर्मणी वाक्यात किती वेळा दडतो ते मोजा: ‘जेवण वाढलं गेलं’, ‘अंथरूण गरम केलेलं होतं’. कुणी वाढलं, कुणी गरम केलं? मराठी रविवार पुरवण्यांतली अंटार्क्टिका-वर्णनंही घ्या, आता आपल्याकडच्या टूर कंपन्याही लोकांना तिकडे नेतात. आपल्या प्रवासवर्णनात खाण्याचे हाल हा हक्काचा विनोद. तिथे शेफ आल्यावर त्या विनोदाचं काय होतं, हेही बघण्यासारखं आहे.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते.

आपण जिथे शिकतो तिथून दहा मिनिटं चाललं की वस्ती लागते. एम-पूर्व वॉर्डात सर्व्हे झालेला नाही असं घर सापडणं कठीण. प्रत्येक बॅच येते, कागद घेऊन दारात उभी राहते. पाणी कुठून येतं? किती वेळ? संडास किती माणसांत एक? कचरा कोण नेतं? घरातलं कोण काय काम करतं, रोज किती मिळतात? परवाना आहे का, कागद आहेत का? बायका उत्तरं देतात, कितीदा दिलेली असतात. एका काकूंनी मला सरळ विचारलं होतं, ‘मागच्या वर्षीच्या पोरींना सांगितलं ते हरवलं का?’

हेच प्रश्न त्या घुमटाला विचारून बघा. पाणी कुठून येतं, आणि बर्फ वितळवायला इंधन कुठलं? मैला कोण उचलतं? काम करणारे कुठल्या देशाचे, किती महिन्यांच्या करारावर? परवाना कुणी दिला? हा शेवटचा प्रश्न तर फारच रसाळ आहे, कारण तिथे सरकारच नाही. नॉर्वेचा त्या भागावर १९३९ पासून दावा आहे, पण १९५९ च्या कराराच्या चौथ्या कलमाने सगळे दावे जैसे थे ठेवले. मग एखाद्या कॅम्पमधल्या स्वयंपाकिणीचा पगार थकला तर तिने दाद कुठे मागायची? मासिकातल्या लेखाला यातलं एकही विचारावंसं वाटत नाही, आणि त्यात नवल नाही. नवल याचं आहे की आपल्यालाही वाटत नाही. गरिबाच्या संडासाचं वर्णन आपण आकड्यांत करतो, श्रीमंताच्या संडासाचं विशेषणांत. लॉरा नेडरने १९७२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञांना हेच सुनावलं होतं: खालीच किती बघाल, जरा वरही अभ्यास करा. तिच्या निबंधाला पन्नास वर्षं उलटली, आपल्या फील्डवर्कची वाट अजून त्याच गल्लीत वळते. कारण उघड आहे. वस्तीचं दार ठोठावता येतं.

घुमटाचं दार ठोठावता येत नाही, पण कागद मिळतात. माद्रिद प्रोटोकॉलखाली अशा कामांचं पर्यावरण-मूल्यांकन आधी करावं लागतं, आणि अंटार्क्टिका कराराच्या सचिवालयाकडे, ते ब्युनोस आयरेसला आहे, त्या मूल्यांकनांची यादी असते. कराराच्या सातव्या कलमाने देश एकमेकांच्या जागांची तपासणी करू शकतात, ते अहवाल खुले आहेत. १९९१ मध्ये सात कंपन्यांनी मिळून स्थापन केलेली पर्यटन-व्यावसायिकांची संघटना दर हंगामाचे आकडे देते. व्यवसायाने स्वतःच मोजलेले आकडे आहेत हे लक्षात ठेवून वापरा. आपल्याकडे भारतीय अंटार्क्टिका अधिनियम २०२२ मध्ये झाला, तो वाचा, कायदा म्हणून वाचायला सोपा आहे. मे २०२४ मध्ये कराराची सल्लागार बैठक कोचीला भरली, तिथे पर्यटनाला नियमांची चौकट घालण्याचं काम सुरू झालं. म्हणजे नियम अजून लिहिले जाताहेत. लिहिणाऱ्यांच्या टेबलावर काय असणार? एका बाजूला कंपन्यांची माहितीपत्रकं, दुसऱ्या बाजूला काजळी मोजणारे पेपर. मधली जागा, म्हणजे कोण राबतं, कोण ठरवतं, कुणाच्या शहरात काय उतरतं, ही आपल्या शाखेची आहे. ती रिकामी ठेवायची तर ठेवा, पण मग तिथे विशेषणं भरली जातील.

उलटा प्रयोगही करून बघा, तो मला जास्त अवघड गेला. मासिकाचा लेखक घुमटात जे बघतो ते वस्तीत बघायचं. सकाळी दारातून पहिल्यांदा काय दिसतं? कुठला आवाज थांबला की घरातल्यांना शांत वाटतं? रात्री कुणाला आकाश दिसतं? माझ्या टिपणवहीत दोन वर्षांच्या फील्डवर्कनंतर नळाच्या वेळा होत्या, भाडी होती, आजार होते. एका घरातून खाडी दिसते आणि हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात तेव्हा तिथली म्हातारी मुद्दाम खुर्ची बाहेर काढते, हे मी बघितलं होतं आणि लिहिलं नव्हतं. माझ्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

ज्युनिअरचा नवा मसुदा काल आला. ‘निर्मनुष्य’ गेलाय, त्या जागी मैत्री आणि नोवो आलेत. ८३ टन तळटीपेत गेलेत, द्वीपकल्प असं स्पष्ट लिहून. ‘अस्पर्शित’ अवतरणचिन्हांत आहे, ती काढून त्याने वाक्य उभं करावं असं मी सुचवलंय, कारण अवतरणचिन्ह हा वाद टाळायचा सोपा मार्ग आहे. ‘अंतर्मुख’ अजून जसाच्या तसा आहे. तो म्हणतो, ताई, एखाद्याला खरंच तसं वाटलं असेल तर? त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. उद्या चहाला भेटतोय.